नदीचा वाटा

वरच्या बाजूला कापसाला पाणी होतं; ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीसाठी राखलेला पाण्याचा वाटा मात्र यंदाही सुटला नव्हता. बंधारा सांभाळणारी मॅव्हिस रोज दुपारी पाय ओढत भेगाळलेल्या पात्रात उतरायची, पाणी मोजायचा खांब बघायची आणि तशीच परतायची.

आज खांब तिच्या डोक्याच्याही वरपर्यंत ओला होता.

तिने काठावरच्या शेजाऱ्याला हाक मारली. "क्लेम, तू इथे पाणी ओतलंस का रे?"

"प्यायला टँकर मागवतोय मी, ओतू कुठलं? वर ये, उन्हाने डोकं फिरलंय तुझं!"

तेवढ्यात क्लेमचा कुत्रा तिच्याकडे धावत सुटला. अर्ध्या उतारावर त्याने मान उंच केली, त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो कोरड्या हवेतच पोहत येऊ लागला.

ओरडायला मॅव्हिसने तोंड उघडलं. तोंडात गार पाणी शिरलं.