उघडा फिल्टर

वेरूळ मागं पडलं आणि रामप्रसादच्या मोटारसायकलनं दोन आचके दिले. तिसऱ्याला ती बंदच पडली. पाऊस असा लागला होता की समोरचा पूलसुद्धा दिसत नव्हता. मागं बसलेला त्याचा बाप, कडूबा, घोंगडी सावरत खाली उतरला.

बापलेक निघाले होते कन्नडच्या बाजाराला. पहाटेच कडूबाचा धाकटा भाऊ बन्सी उरल्यासुरल्या बेचाळीस मेंढ्या टेम्पोत घालून विकायला घेऊन गेला होता. तीन वर्षं धड पाऊस नव्हता आणि चराईच्या रानात प्लॉटिंगचे पांढरे दगड उभे राहिले होते. "विका, अन् बजाजनगरला माझ्या खोलीवर चला," असा लकडा शहरात कंपनीत कामाला असलेल्या रामप्रसादनंच महिनाभर लावला होता. टेम्पो गेला आणि तासाभरात आभाळ फुटलं. कडूबा अंगणात भिजत उभा राहिला अन् म्हणाला, "आठ दिसात गवत येतंय. काढ गाडी. मेंढ्या माघारी आनू." बन्सीचा फोन लागेना. सौदा व्हायच्या आत पोचायचं होतं.

"काय झालं रं?"

"फिल्टरात पाणी गेलं, आबा."

इंजिनाला हवा पुरवणारा हा फिल्टर रामप्रसादचा भारी लाडका. गाडीबरोबर आलेला बंद डबा काढून त्यानं शहरातून हा चकचकीत, उघडा फिल्टर आणून बसवला होता. गाडी जोरात पळते, आवाज दमदार येतो, कंपनीच्या गेटवर पोरं वळून बघतात. बसवणाऱ्यानं पावसाचं काही सांगितलं नव्हतं आणि यानंही विचारलं नव्हतं. दुष्काळात घेतलेल्या वस्तूला पावसाचं कोण विचारतं!

त्यानं फिल्टर काढला, झटकला, सदऱ्यानं पुसला, परत बसवून वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली. गाडी सुरू झाली, दोनशे पावलं गेली आणि घुसमटून पुन्हा बंद. पिशवी सोडली की पाणी आत, बांधली की हवा बंद. रामप्रसाद किक मारत राहिला. मोठ्या तोंडानं मेंढ्या विकायला लावल्या आणि आता बापाला वेळेवर पोचवताही येईना. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

कडूबा वाकून फिल्टरकडं बघत होता. मग म्हणाला, "ह्याला हवा पाह्यजे अन् पानी नको. असंच ना?"

"व्हय."

"मग मघाच सांगायचं."

त्यानं अंगावरची घोंगडी काढली आणि खिशातल्या चाकूनं तिचा वीतभर काठ कापायला घेतला. रामप्रसाद "आबा, नका" म्हणेपर्यंत कापून झालाही.

"कोकरू गुंडाळतो का नाय आपुन पावसात? त्याचा दम कोंडतो का?" असं म्हणत त्यानं तुकडा फिल्टरला गुंडाळून सुतळीनं बांधला. पाणी लोकरीवरून ओघळून जाऊ लागलं. गाडी सुरू झाली. काटा तिसाच्या वर जाईना, पण बंद पडली नाही.

बाजारात चिखल आणि आरडाओरडा. बन्सी एका लिंबाखाली उभा होता. मोठ्या भावाला बघताच त्याची मान खाली गेली.

"अर्धा तास झाला, दादा. रुमालाखाली हात दिला."

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला की तो मोडत नाहीत. कडूबानं उभ्या जन्मात मोडला नव्हता, त्यामुळं आज व्यापाऱ्याकडं मेंढ्या माघारी मागायला त्याला तोंड नव्हतं. तो अर्धा तास कुठं गेला, हे रामप्रसादला कुणी सांगायची गरज नव्हती. बाप आता बोलेल, मग बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. कडूबाची नजर मेंढ्या शोधत होती.

व्यापाऱ्याचा ट्रक बाजाराच्या तोंडाशीच फसला होता. मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि प्रत्येक हिसक्याला आत भरलेल्या कडूबाच्या मेंढ्या एकमेकींवर आदळत होत्या. व्यापारी येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होता. पाचसहा माणसं लागली, तरी ट्रक हलेना. फसूनच राहू दे, रामप्रसादच्या मनात आलं. रात्रभर राहू दे, व्यापाऱ्याचं मन बदलेल, काहीतरी होईल.

कडूबानं चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि ट्रकच्या मागच्या फळीला खांदा लावला. आतून एक मेंढी ओरडली. मग सगळ्याच ओरडायला लागल्या.

"आबा, तुम्ही कामून?" रामप्रसाद जागचा हलला नाही.

"आत एखादी पडली तर बाकीच्या तुडवून मारतेत तिला," कडूबा म्हणाला. "ये इकडं. जोर लाव."