सरांची सही

“आधी पाणी पी की. घाम बघ किती आलाय,” म्हणत नीलम्मा काकूंनी तांब्या पुढं केला.

अतीक पाणी प्याला, पण फाईल काही हातातनं सोडली नाही. सकाळच्या एसटीनं टेंभुर्णीहून आला होता. आईनं सरांसाठी डाळिंबं दिलेली, ती पिशवी दाराशीच राहिली.

जुळे सोलापूरच्या ह्या फ्लॅटवर ही त्याची तिसरी खेप. आधी दोन्ही वेळेला गुरुशांत सर नुसतं “बघू” म्हणाले होते. आज शेवटची तारीख. पाचच्या आत फॉर्म विद्यापीठात पोचला नाही तर पीएचडीचं वर्ष गेलं. जागा एकच होती.

सर आतनं आले. घरातच होते, तरी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, ताजी दाढी. हातात कागदांचा गठ्ठा.

“सर, माझं सगळं भरून झालंय. फक्त तुमची सही राहिलीय.”

“सही कुठं पळून जात नाही. आधी बोलू.”

“बोला की, सर.”

सरांनी गठ्ठा टीपॉयवर ठेवला. अतीकनं ओळखलं. त्याचेच पेपर होते, प्रिंट काढलेले. समासात लाल शाईची बारीक अक्षरं.

“तिन्ही वाचले. दोन चांगलेत. तिसऱ्यातला आलेख मला पटला नाही.”

“मलाही पटत नाही, सर.”

“मग छापलास कशाला?”

“तेव्हा पटला होता.”

सर हसले. अतीकला जरा बरं वाटलं.

अठरा वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तो असाच सरांसमोर बसला होता. दोन विषय उडालेले. वडील, पीरसाब, म्हणत होते, बास झालं, दुकानात पंक्चर काढ. सरांनी काही भाषण दिलं नाही. रविवारची लॅबची किल्ली दिली. एका रविवारी तो फाईल सेव्ह करत असताना सरांनी मागनं प्लगच उपटला. “आता सांग, डिस्कवर काय उरलं?” त्याला सांगता आलं नाही. तेव्हापासून तो तेच शोधत होता. मधेच लाईट गेली तरी लिहिलेलं हरवू नये, हाच त्याचा विषय झाला.

आणखी एक गोष्ट सर तेव्हा सगळ्या पोरांना सांगायचे. गाईड शोधताना नाव किती मोठं ते बघू नका. त्याच्याकडं काम केलेल्या पोरांना आधी गाठा. वेळ किती मिळणार, ते तोंडावर विचारा. लाजलात तर पाच वर्षं लाजत बसाल. अतीकनं तो सल्ला तंतोतंत पाळला होता.

“तुझ्याबरोबर काम केलेल्या दोघांना मी फोन केला होता,” सर म्हणाले.

अतीक पुढं सरकून बसला. “काय म्हणाले?”

“एक म्हणाला, फार डोकं खातो. दुसरा म्हणाला, पण चूक दाखवली तर चिडत नाही.” सरांनी चष्मा काढून पुसला. “आठवड्याला किती वेळ देणार?”

“मंगळवार, शुक्रवार पूर्ण दुपार. रविवारी म्हणाल तेव्हा.”

“पेपरवर पहिलं नाव कुणाचं?”

“ज्यानं काम केलं त्याचं.”

“आणि पुण्या-बंगळूरची मोठी नोकरी आली तर?”

“जाणार नाही, सर.”

“सगळे असंच म्हणतात.” सरांनी चष्मा परत चढवला. “एकानं मला चौथ्या वर्षाला मधेच सोडलं. साधा फोन नाही केला. सगळं काम कपाटात पडून राहिलं. मला ते आता परत झेपायचं नाही.”

काकू दारातनं म्हणाल्या, “किती पिळताय हो त्या लेकराला! तिसऱ्यांदा आलाय तो. आता आणि पायी चालत यायचं काय त्यानं?”

“तू गप की. पाच वर्षांचा प्रश्न हाय.”

“पाच वर्षं काय, तुमचा नुसता विचारच पाच वर्षं चालतोय.”

अतीक हसला नाही. “सर, दुसऱ्या दोघांना मी नाही म्हणून आलोय. मला दुसरं कुणी नको.”

“वेडा हायस तू. माझं वय एकसष्ट. मधेच मला काही झालं तर? तुझी जागा वाया जाईल.”

“जाऊ दे. तुम्ही किल्ली दिली तेव्हा मी तरी कुठं पास होणार होतो?”

सर गठ्ठ्यातले कागद सारखे करू लागले. खाली कुणीतरी रिक्षाला हाक मारत होतं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

“चुकलो तर तोंडावर सांगायचं,” सर शेवटी म्हणाले. “वयाकडं बघून गप बसायचं नाही.”

“सांगेन, सर.”

“आण तो फॉर्म.”

अतीकनं फाईल उघडली. काकूंनी कपाटातनं एक पाकीट आणि गोंदाची बाटली आणली. “परवाच काढून आणलेत,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि वर मला म्हणतात, अजून ठरलं नाही.”

पाकिटात सरांचे पासपोर्ट साइजचे फोटो होते. कोपऱ्यातल्या चौकोनात फोटो अतीकनंच चिकटवला आणि फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. खाली मार्गदर्शकाच्या रकान्यात डॉ. अतीक पीरसाब शेख ही सही सकाळीच झाली होती. तिच्या वरच्या, विद्यार्थ्याच्या रकान्यात सरांनी एकेक अक्षर जपून काढत आपलं नाव लिहिलं.