उताराचं उद्घाटन

मेट्रो स्थानकातून बसथांब्याकडे जाणाऱ्या नव्या उतारावर लाल फीत बांधली होती. शर्वरीची व्हीलचेअर त्या फितीपाशी अडली. खाली विद्यापीठाची बस उभी होती आणि अकरा वाजता शर्वरीच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती.

“पाहुणे वाटेत आहेत. उद्घाटन झाल्याशिवाय कोणाला सोडता येणार नाही,” स्थानकाचे साहेब म्हणाले. “थांबा की अर्धा तास, फोटोत तुम्हीही याल. तुमच्यासाठीच तर केलंय सगळं!”

इथे पूर्वी तीन पायऱ्या होत्या. उतार करा म्हणून तिने वर्षभरात सात अर्ज दिले होते. तोवर रोज दोन रखवालदार तिला खुर्चीसकट उचलून खाली ठेवत आणि ती रोज ओशाळून त्यांचे आभार मानी.

“माझी परीक्षा आहे, साहेब.”

“मग आजच्या दिवस उचलून नेतील की!” साहेबांनी रखवालदारांना हाक मारली.

शर्वरीने साहेबांकडे नीट पाहिलं. या माणसाला आपण सात वेळा ‘आदरणीय महोदय’ लिहिलं, याची तिला शिसारी आली. तिने चाकांना जोर दिला. फीत ताणली गेली, गाठ सुटली आणि खुर्ची उतारावरून थेट बसपाशी पोचली.

“अहो मॅडम, आता पाहुण्यांनी कापायचं काय?” साहेब वरून ओरडले.

“तुमचं नाक आहे की!” शर्वरी म्हणाली. कंडक्टरबाईंनी हसत हसत बसच्या दारातली फळी तिच्यासाठी खाली टाकली.