भट्टीची वाजंत्री

बेकरीची भट्टी विझली, तसे भिंतीतले रातकिडे गारठून गप्प झाले. “एक मोळी पेटव रे,” बापू हटून बसले, “मरतील बिचारे.” मुलगा भडकला. “नवा विजेचा ओव्हन आणलाय ना? किड्यांसाठी लाकडं जाळू?” “तुझी आई त्यांच्यावरूनच भट्टी ओळखायची. सूर चढला की म्हणायची, तापली, पाव लावा.” तणतणतच त्याने लाकडं पेटवली. विटा तापल्या. आधी एकच रातकिडा अडखळत किरकिरला, मग उबेने सगळ्यांनाच चेव आला. कान किटले, पण पिठाच्या पोत्यांवरची लहानपणीची झोप आठवून त्याचे डोळे भरले. बापू भिंतीला कान लावून बसले होते. “वाजतायत का रे?” एवढा कल्लोळ, आणि बोलणं ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याच्या थकल्या कानांना त्यातला एकही चढा सूर ऐकू येत नव्हता! मुलाने आणखी एक ओंडका आत सारला. “अहो, तुमच्यासारखेच! एकदा तोंड उघडलं की थांबायचं नावच नाही.”