हौसा नावाचा मासा

माझ्या बापाला तुम्ही कपाटात कोंडलंत, साहेब. धरणातल्या माशांबद्दल तो बोलला, तुमच्या विद्यापीठातल्या संशोधक बाईंनी ते प्रबंधात उतरवलं. तो गेल्यावर त्याचे शब्द वाचायला मी आलो, तर ग्रंथालयाच्या दारात तुम्ही ओळखपत्र मागितलंत. तोंडावर बापाचंच नाक आहे, ते चाललं नाही.

परवा तुमच्या जागी आलेल्या नव्या ग्रंथपाल बाईंनी सगळे प्रबंध इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट खुले केले. काठावर जाळं विणत बसलेल्या हौसा आत्याला मी मोबाइलवरून माशांची 'स्थानिक नावं' वाचून दाखवली.

"दाजी : गाळात पडून राहतो, आयतं खातो."

असा मासा आमच्या पाण्यात नाही. असा नवरा मात्र आत्याच्या घरात आहे. ती पोट धरून हसली. "भावानं बाईला चांगलंच गंडवलं की रे."

"पुढं ऐक. हौसा : तोंड मोठं, कधी मिटत नाही."

आत्याचं तोंड खरंच उघडं राहिलं. मग दोघांनाही हसू आवरेना. जाळं सुटलं, चहा सांडला. "मेला, तरी मेल्याची खोड जाईना," ती डोळे पुसत म्हणाली. "परत वाच."

ग्रंथपाल बाईंना फोन करून मी बापाची ही थाप सांगितली. त्याही हसत सुटल्या. "दुरुस्त करू का?"

"राहू दे," आत्या ओरडली. "आता छापील मासा आहे मी."

ही थाप ओळखणारी माणसं तुमच्या दारातच उभी होती, साहेब. मग कुलूप लावून तुम्ही नेमकं काय जपत होतात? उत्तर द्या.