फुकटची भुकटी

एवाझियोने पेन उचललं, जबानीच्या कागदापर्यंत नेलं आणि परत टेबलावर ठेवलं. ही तिसरी खेप.

“काका, आता काय अडलं?” ग्रात्सिएलाने विचारलं. ती कामगार संघटनेची बाई. अशा शेकडो जबान्या तिने वीस वर्षांत लिहून घेतल्या होत्या. “सगळं तुमच्याच तोंडचं आहे. परत वाचून दाखवू?”

“नको. बहिरा नाही मी.”

हे चाललं होतं एवाझियोच्या शेजारच्या नतालिनाच्या स्वयंपाकघरात, कारण तिला आता जिना उतरवत नव्हता. वय सत्तावन्न. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली होती. हा रोग कारखान्यातल्या लोकांचा, असंच आमच्या गावात सगळे धरून चालायचे. इटलीतल्या पो नदीच्या काठावरचा तो अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणि नळ बनवणारा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, तरी त्याची माणसं अजून मरतच होती. पण नतालिना कारखान्याची पायरीसुद्धा चढली नव्हती. बाप न्हावी, आई शिवणकाम करायची. डॉक्टर म्हणाले, “लहानपणी छातीत गेलेली धूळ चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसते, बाई. जरा आठवून बघा.”

फार आठवावं लागलं नाही. अंगण!

कारखान्यात नळ कातले की ढिगाने पांढरी भुकटी पडायची. कारखान्याला नकोशी, म्हणून गावाला फुकट. अंगणात पसरायची, पाणी मारायचं, वरून रूळ फिरवायचा. मग चिखल नाही की गवत नाही. फुकट म्हटल्यावर आम्ही काय सोडतो! चर्चच्या पटांगणात तीच, बाजाराच्या रस्त्यावर तीच. आणि ती घरोघर टाकणारा कारखान्याचा ड्रायव्हर म्हणजे हा एवाझियो.

कारखान्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. बाई कामाला नव्हती, घरचंही कुणी कामाला नव्हतं, मग भरपाई कसली? आता पुरावा कुठून आणायचा? अंगण तर नगरपालिकेने केव्हाच उकरून नेलं होतं. भुकटी टाकणाऱ्यांपैकी एकटा एवाझियो उरला होता. एक्क्याऐंशी वर्षांचा, आणि अगदी ठणठणीत. गुरुवारी तोरिनोच्या कोर्टात त्याची सही पोचली नाही, तर नतालिनाचा दावा संपला. पैसे तिला हवेच होते, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की चूक कुणाची ते डोळे मिटायच्या आत कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

“तुम्हाला काय खुपतंय ते कळतंय मला,” नतालिना म्हणाली. एवढ्या वाक्यात तिने दोनदा दम खाल्ला. “तुमच्या हातून आली, हेच ना? अहो, आईने मागितली म्हणून आणलीत. चर्चमध्ये माझ्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला पांढरे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून. आई मरेपर्यंत तुम्हाला देवमाणूस म्हणायची.”

“म्हणायची खरी,” एवाझियो पुटपुटला. “वाईनच्या दोन बाटल्याही दिल्या होत्या.”

“मग झालं तर!” ग्रात्सिएलाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे बघा, इथं स्वच्छ लिहिलंय. ‘ही भुकटी विषारी आहे हे त्या वेळी आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.’ हे तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण ही ओळ मी प्रत्येकाच्या जबानीत घालते. सही करणाऱ्याला रात्री झोप लागते.”

एवाझियोने पेन आणखी लांब सरकवलं.

“नका करू सही!” नतालिना एकदम भडकली. “राहा देवमाणूस. मी ईस्टर बघेन न बघेन, तुमचं काय जातंय?” तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर आवाज खाली आला. “पण एक ऐका. तुमच्या दारियोला सांगा, छातीची तपासणी करून घे म्हणावं. मी न् तो एका वर्गातले, आपल्या घरांची भिंत एक. मी खाल्ली ती धूळ त्यानेही खाल्ली असणार. वेळेत कळलेलं बरं.”

दारियो हा एवाझियोचा एकुलता एक मुलगा. इतका वेळ शिव्या खाऊन म्हातारा ढिम्म बसला होता. हे मात्र त्याला सोसलं नाही.

“दारियोला काही होणार नाही,” तो म्हणाला.

“असं कसं म्हणता, काका? गाफील राहू नका.”

“ग्रात्सिएला, ती शेवटची ओळ खोड. मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?” ग्रात्सिएलाने विचारलं.

“मुकादमाने मला बाजूला घेतलं होतं. म्हणाला, तुझं पोर लहान आहे, ही घाण घरी नेऊ नकोस. वरच्या साहेबांकडे डॉक्टरांचा कागद आलाय, छातीला वाईट आहे म्हणून. बाहेर बोललास तर गाडीची किल्ली काढून घेईन. मी बोललो नाही. घरीही नेली नाही.”

ग्रात्सिएलाने घाईघाईने ओळ खोडली आणि त्याचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं. वीस वर्षं ती हेच शोधत होती. कारखान्याला ठाऊक होतं, हे कारखान्याच्याच माणसाच्या तोंडून. आता वकिलाची बोबडी वळणार होती. एवाझियोने न सांगता पेन घेतलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

नतालिनाचं कागदाकडे लक्षच नव्हतं.

“पण काका,” ती म्हणाली, “दारियो आमच्याच अंगणात खेळायचा ना...”

“एकदा तरी आला होता का?” एवाझियोने विचारलं.