संत्र्याची साल

व्हिस्कीची बाटली काखेत धरून धाकटा स्वयंपाकघरात वावरत होता. बर्फ काढायला गेला तरी बाटली बरोबर, ग्लास पुसायला लागला तरी बाटली बरोबर. बाहेर ऑफिसची मंडळी बसली होती. बढती त्याची, पार्टीही त्याचीच.

"अरे, ठेव की ती खाली, कोणी पळवत नाही!" साहेब ओरडले आणि सगळे हसले. धाकटाही हसला. बाटली मात्र त्याने सोडली नाही.

कारण ओट्याशी दादा उभा होता.

मोठ्या भावाला न बोलावून चालणार नव्हतं आणि बोलावलं तर जिवाला घोर. दादाने दारू सोडून वर्ष होत आलं होतं. त्याआधी तो घरी आला की धाकटा त्याला दारातच अडवायचा आणि तोंडाचा वास घ्यायला "हा कर" म्हणायचा. दादाही मुकाट्याने तोंड उघडायचा. हल्ली ती वेळ येत नव्हती. तरी आज दादा आला तेव्हा धाकट्याने त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच जवळ घेतलं होतं.

"मलाही काहीतरी काम दे रे," दादा म्हणाला.

धाकट्याने त्याच्या हाती संत्री आणि सुरी दिली. स्वतः मोबाइलमध्ये बघून ग्लासात साखरेचा खडा टाकायचा, त्यावर कडू अर्काचे थेंब, मग व्हिस्की, मग बर्फ. प्रत्येक ग्लासाची चव बघता बघता त्याचे कान गरम झाले होते. दादा पातळ साल काढायचा, ग्लासावर पिळायचा आणि आत सोडायचा. बाटलीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. धाकट्याला त्याचाही संशय आला.

ट्रेला दोन्ही हात लागणार, म्हणून बाटली ओट्यावर ठेवून तो बाहेर गेला. सगळ्यांना ग्लास देऊन झाले, कौतुक ऐकून झालं, आणि मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेलं. दादाच्या हातात ग्लास होता. तोच सोनेरी तपकिरी रंग, तसाच बर्फ, वर संत्र्याची साल. साहेबांनी आपला ग्लास त्याच्या ग्लासाला लावला आणि दादाने हसत एक घोट घेतला.

धाकट्याने तर त्याला ग्लास दिलाच नव्हता.

थोड्या वेळाने ग्लास खुर्चीशेजारी ठेवून दादा हात धुवायला उठला. धाकट्याने तो उचलला आणि स्वयंपाकघर गाठलं. भिंतीकडे तोंड करून वास घेतला. सालीपुढे कशाचाच वास लागेना. मग त्याने एक घोट घेतला.

गार चहा. कोरा.

तो वळला. दारात दादा रुमालाला हात पुसत उभा होता.

"साखर नाही घातली त्यात," दादा म्हणाला. "रिकाम्या हाताने बसलो असतो तर तुझे साहेब विचारत बसले असते, का घेत नाही म्हणून. आज तुझं कौतुक चाललंय. माझा विषय कशाला मध्ये?"

सिंकमध्ये चहाची गाळणी पडली होती. मघापासून ती तिथेच होती. बाटलीवर डोळा ठेवण्याच्या नादात धाकट्याला ती दिसली नव्हती. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"दादा, मी आपलं सहजच..."

"असू दे."

दादाने त्याच्या हातून ग्लास घेतला, उरलेला चहा संपवला आणि ग्लास विसळून पालथा घातला. मग बाहेर जाऊन सगळ्यांचा हसतमुखाने निरोप घेतला आणि चपला घालायला दाराशी आला. धाकटा मागोमाग धावला.

"जेवून जा ना रे. माझी शपथ आहे तुला."

दादा थांबला. मग अगदी जवळ आला, मान जराशी खाली घातली आणि पूर्वीसारखं तोंड उघडलं.

"हा."

संत्र्याच्या सालीचा वास आला. धाकट्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखून मान फिरवली. दादा इतका जवळ उभा होता, आणि दारूचा वास धाकट्याच्या स्वतःच्याच तोंडाला येत होता.